तेलातले घाटघर

कवितेचे रसग्रहण करताना आपण तिची रचना उलगडतो, एकेक ओळ बोटाखालून घालतो आणि कवीने जे साधले ते नेमके कोणत्या जागी साधले हे शोधतो. मला इथे एका यंत्राचे असे वाचन करायचे आहे. ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये बसणारा टॉर्क कन्व्हर्टर हे ते यंत्र. दोन पोलादी वाडगी तोंडाला तोंड लावून वेल्डिंगने कायमची बंद केलेली, आत तेल आणि पात्यांची तीन चक्रे. बाहेरून पाहिले तर काही कळत नाही. ना काटा, ना तरफ, ना एखादा स्क्रू, जो फिरवून त्याचा स्वभाव बदलता यावा. तरीही ड्रॅग शर्यतीत, जिथे गाडी उभ्या जागेवरून सुटते आणि सरळ ४०२ मीटरवर निकाल लागतो, तिथे वजनाने जड आणि इंजिनाने दांडग्या गाडीचे नशीब बरेचसे या बंद डब्यात ठरलेले असते.

हा खेळ आता आपल्याकडेही आला आहे. लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’च्या शर्यती झाल्या आहेत, आणि गाडीत दुप्पट ताकद भरून घेणारे हौशी लोक पुण्या-मुंबईत काही कमी नाहीत. इंजिनावर ते महिनोन्महिने विचार करतात. कन्व्हर्टरची वेळ आली की मात्र एकच प्रश्न विचारला जातो : ‘स्टॉल किती आरपीएमचा घेऊ?’ एखादा आकडा सांगितला जातो, तो मागवला जातो, आणि मग गाडी अपेक्षेइतकी का पळत नाही याचा शोध इंजिनात सुरू होतो. माझे म्हणणे असे की तो आकडा कन्व्हर्टरमध्ये नसतोच. तो कन्व्हर्टर, इंजिन आणि गाडी या तिघांत मिळून तयार होतो. हे पटायचे तर डबा उघडून वाचावा लागतो, आणि उघडा वाचायचा तर भंडारदऱ्यासारखी जागा नाही.

अकोले तालुक्यातल्या या खोऱ्यात पाणी आधी अडले आणि पात्यांवर पुढे आले. रतनगडाच्या डोंगरात उगवलेली प्रवरा भंडारदऱ्याला अडवायचे काम १९१० साली सुरू झाले आणि १९२६ साली मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते धरणाचे उद्घाटन झाले. दगडी बांधणीचे हे विल्सन धरण, त्यामागचा आर्थर हिल जलाशय, आणि पाणी सोडले की गोल उशीवरून उतरून छत्रीसारखा उघडणारा अंब्रेला फॉल पर्यटकांना ठाऊक असतो. धरण बांधले ते खालच्या कोरडवाहू मुलखाच्या शेतीसाठी. पुढे त्याच पाण्याच्या वाटेत वीजगृहे आली, पायथ्याशी १२ मेगावॅटचे आणि खाली कोदणीला ३४ मेगावॅटचे. पण माझ्या वाचनाला हवे असलेले पान जलाशयाच्या पश्चिमेला, घाटघरला आहे. तिथे सह्याद्रीच्या ऐन कड्यावर वरचे धरण आहे, आणि कड्याखाली ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात चोंढ्याला खालचे. मध्ये सुमारे ४०० मीटरची उतरण आणि डोंगराच्या पोटात कोरलेले वीजगृह. २००८ साली सुरू झालेल्या या केंद्रात १२५ मेगावॅटचे दोन संच आहेत. विजेची मागणी वाढली की वरचे पाणी खाली सोडून वीज करायची, मागणी उतरली की तेच यंत्र उलटे फिरवून पाणी पुन्हा वर चढवायचे. एकच चक्र एका वेळी टर्बाइन असते आणि दुसऱ्या वेळी पंप.

आता कल्पनेने एक फेरफार करा. पंप आणि टर्बाइन आळीपाळीने चालवायचे सोडून एकाच वेळी चालवा. पंपाने चढवलेले पाणी थेट टर्बाइनवर सोडा आणि टर्बाइनमधून सुटलेले पाणी थेट पंपाच्या तोंडाशी न्या. मधला ४०० मीटरचा डोंगर, बोगदे, दोन्ही जलाशय काढून टाका. पंप आणि टर्बाइन इतके जवळ आणा की त्यांच्यात बोटभर अंतर उरेल. पाण्याऐवजी तेल घाला. हा झाला टॉर्क कन्व्हर्टर.

हे माझे कल्पनारंजन नव्हे. हेर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने नेमका याच वाटेने विचार केला होता. तो श्टेटिन बंदरातल्या व्हल्कान जहाजबांधणी कारखान्यात होता. तेव्हा जहाजांवर वाफेची टर्बाइन नव्याने येत होती, आणि अडचण अशी की टर्बाइनला वेगात फिरणे मानवते, तर पाण्यातल्या पंख्याला सावकाश. इतकी ताकद पेलणारे दातेरी गिअर तेव्हा विश्वासाचे नव्हते. फ्योटिंगरने आधी पंप एकीकडे, टर्बाइन दुसरीकडे आणि मध्ये नळ अशी मांडणी डोळ्यांपुढे आणली. मग त्याच्या लक्षात आले की ताकद वाया जाते ती बरीचशी नळांत आणि वळणांत. त्याने नळ काढून टाकले आणि तिन्ही चक्रे एका कवचात बसवली. १९०५ साली त्याने पेटंटसाठी अर्ज केला. एवढी मोठी संपादकीय कात्री यंत्रांच्या इतिहासात क्वचितच चालली असेल. जे वगळले त्यामुळेच रचना उभी राहिली. आपल्याकडेही या घराण्याची यंत्रे बनली आहेत. पुण्यात हडपसरला किर्लोस्कर न्यूमॅटिकने रेल्वेच्या डिझेल इंजिनांसाठी हायड्रॉलिक ट्रान्समिशन तयार केली.

आता आतले वाचू. पहिले चक्र पंप. ते बाहेरच्या कवचालाच जोडलेले असते आणि कवच इंजिनाच्या क्रँकला. इंजिन फिरले की पंपाची पाती तेलाला मध्यापासून कडेकडे भिरकावतात. कडेला पोचेपर्यंत तेलाला जबरदस्त फिरकी मिळालेली असते. दुसरे चक्र टर्बाइन, गिअरबॉक्सच्या दांड्यावर बसलेले. तेल त्याच्या बाहेरच्या कडेने शिरते आणि आतल्या बाजूला येता येता आपली फिरकी पात्यांना देऊन टाकते. बाहेरून आत येणारा हाच प्रवाह घाटघरच्या फ्रान्सिस टर्बाइनमध्ये आहे. जेम्स फ्रान्सिसने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या लोवेलच्या गिरण्यांसाठी ही जात घडवली आणि आजही मध्यम उंचीच्या धबधब्यावर बहुतेक तीच बसवतात. पातीवर मिळणारा पीळ (टॉर्क) म्हणजे दर सेकंदाला वाहणारे वस्तुमान गुणिले त्याच्या फिरकीत पडलेला फरक. हा हिशेब ऑयलरने अठराव्या शतकात मांडला. प्रवरेच्या पाण्याला जो लागू, तोच गाडीच्या तेलाला.

इथपर्यंतची रचना सरळ आहे, आणि एवढ्यावर थांबलो असतो तर यंत्र चालले असते, पण त्यात रस नसता. पंपाने जेवढा पीळ दिला तेवढाच टर्बाइनला मिळाला असता. खरा चमत्कार तिसऱ्या चक्रात आहे. त्याला स्टेटर म्हणतात. तिघांत ते आकाराने सर्वांत लहान, अगदी मधोमध बसलेले, आणि ताकद पोचवायची असते त्या ऐन वेळी ते फिरत नाही. टर्बाइनमधून सुटलेले तेल उलट्या दिशेने फिरत येते. ते तसेच पंपात शिरले असते तर पंपाला आडवेच आले असते. स्टेटर त्याला अडवतो, वळवतो आणि पंपाच्याच दिशेने फिरते करून परत देतो. अडवताना स्टेटरवर जो भार येतो तो गिअरबॉक्सच्या स्थिर कवचात उतरतो. म्हणून हिशेब असा जमतो : टर्बाइनचा पीळ म्हणजे पंपाचा पीळ अधिक स्टेटरचा पीळ. बाहेरून एक कणही ताकद आलेली नाही, वेग देऊन पीळ घेतला आहे, आणि हा व्यवहार ज्याच्या जोरावर झाला तो हलतसुद्धा नाही.

गाडी उभी आणि इंजिन जोरात, या क्षणी पिळाचा हा गुणाकार सर्वांत मोठा असतो. गाड्यांच्या कन्व्हर्टरमध्ये तो साधारण पावणेदोन ते अडीचच्या दरम्यान पडतो. समजा तो २.२ आहे आणि इंजिन ९०० न्यूटन-मीटर देते आहे. मग टर्बाइनला मिळाले १,९८०, आणि त्यातले १,०८० एकट्या स्टेटरच्या खांद्यावर. म्हणजे सुटण्याच्या क्षणी सर्वांत लहान, सर्वांत निश्चल भागावर खुद्द इंजिनापेक्षा जास्त भार आहे. ताकदवान गाड्यांचे कन्व्हर्टर मोडतात तेव्हा स्टेटरखालची एकदिशा क्लच, मेकॅनिकच्या भाषेत स्प्रॅग, बरेचदा पहिली जाते ती यामुळेच.

ही क्लच म्हणजे रचनेतले सर्वांत सुंदर स्थान. गाडी वेग घेते, टर्बाइन पंपाच्या मागोमाग धावू लागते. तिचा वेग पंपाच्या साधारण ८५ ते ९० टक्क्यांवर पोचला की तिच्यातून सुटणारे तेल आता उलटे फिरत येत नाही, पंपाच्याच दिशेने येते आणि स्टेटरच्या पात्यांना पाठीमागून लागते. ज्याने आतापर्यंत मदत केली तोच आता वाटेतला अडथळा ठरणार. त्या क्षणी क्लच सुटते आणि स्टेटर तेलाबरोबर मोकळा फिरू लागतो. कुणी आज्ञा देत नाही, कुठे विजेची तार नाही. प्रवाहाची दिशा बदलली एवढेच निमित्त. १९२०च्या दशकाच्या अखेरीस कार्ल्सरूहच्या ‘ट्रिलोक’ मंडळींनी ही मोकळीक कन्व्हर्टरमध्ये आणली आणि मोटारीला तो खऱ्या अर्थाने वापरण्याजोगा झाला. गरज संपताच बाजूला होण्याचा हा गुण मला या यंत्राचा स्थायीभाव वाटतो. काही जण तुटण्याच्या भीतीने स्टेटर कायमचा जखडून टाकतात. छोट्या अंतराच्या गाड्यांत ते चालते. पण ४०२ मीटरच्या शेवटच्या टप्प्यात जड गाडीला हा जखडलेला स्टेटर तेल घुसळत बसतो, आणि मोकळा होण्याचा सगळा फायदा हातचा जातो.

घाटघर आणि कन्व्हर्टर यांच्यातला खरा फरक आता दिसतो. घाटघरच्या टर्बाइनभोवती मार्गदर्शक पात्यांचे एक कडे असते आणि ती पाती तेलदाबाच्या यंत्रणेने हवी तशी उघडता-मिटता येतात. भार वाढला, पाती उघडली. भार उतरला, मिटली. कन्व्हर्टरच्या स्टेटरची पाती मात्र ज्या कोनात बसवली त्याच कोनात जन्मभर राहतात. ब्युइकने १९५५ साली कोन बदलणारा स्टेटर आणला होता, आणि जनरल मोटर्सच्या टर्बो-हायड्रामॅटिक ४०० गिअरबॉक्समध्येही १९६५ ते १९६७ या काळात तो होता, पण ती वाट तिथेच संपली. म्हणून धरणावर जे काम चालक रोज करतो ते गाडीवाल्याला एकदाच, कन्व्हर्टर मागवतानाच, करून टाकावे लागते. निवडीचे गांभीर्य यातून येते.

आता त्या आकड्याकडे वळू. स्टॉल म्हणजे टर्बाइन अडवून धरलेली असताना पूर्ण थ्रॉटलला इंजिन जिथवर चढू शकते तो वेग. पंप फिरवायला लागणारा पीळ त्याच्या वेगाच्या वर्गाने वाढतो. उलट बाजूने, इंजिनाचा पीळ वाढला तर स्टॉल त्याच्या वर्गमुळाने वाढतो. समजा ५०० न्यूटन-मीटरच्या इंजिनामागे एक १० इंची कन्व्हर्टर ३,५०० फेऱ्यांना स्टॉल होतो. तोच, जसाच्या तसा, ९०० न्यूटन-मीटरच्या इंजिनामागे लावला तर ४,७०० च्या आसपास जाईल. डबा तोच आहे. खोक्यावर लिहिलेला आकडा खोटा नव्हता, तो दुसऱ्या इंजिनाचा होता. कन्व्हर्टर बनवणारा जाणता असेल तर तो आकड्याआधी तुमच्या इंजिनाचा पीळ कोणत्या वेगाला किती, हेच विचारतो.

व्यासाचा हिशेब याहून कडक आहे. एकाच घडणीचे दोन कन्व्हर्टर घेतले तर त्यांची पीळ पेलण्याची क्षमता व्यासाच्या पाचव्या घाताने बदलते. जलविद्युत टर्बाइन बनवणारे आधी छोटी प्रतिकृती प्रयोगशाळेत चालवून पाहतात आणि मोठ्या यंत्राचे आकडे अशाच प्रमाणनियमांनी काढतात. १० इंचांवरून ९ वर आलात तर क्षमता ५९ टक्क्यांवर येते आणि स्टॉल सुमारे ३० टक्के चढतो. म्हणजे आपल्या उदाहरणात ४,७०० चा थेट ६,१०० होतो. एक इंच एवढेच अंतर, आणि इंजिन जिथे शर्यत संपवते त्याच्या अगदी उंबऱ्याशी स्टॉल येऊन बसतो. अशी गाडी सुटताना डरकाळी मोठी फोडते. पुढची सगळी धाव मात्र ती तेल तापवत जाते.

कमजोर गाडीवाल्याचा सल्ला ताकदवान गाडीला लावला की हा घोळ होतो. जड गाडी म्हणजे स्टॉल जास्त हवा, म्हणजे लहान कन्व्हर्टर हवा, असे सरसकट म्हटले जाते. वजनाचे काय होते ते नीट पाहू. १,८०० किलोची गाडी घ्या. टायरची त्रिज्या ३५ सेंटीमीटर, पहिला गिअर २.४८, मागच्या ॲक्सलचा रेशो ३.७. इंजिन ४०० न्यूटन-मीटरचे असेल तर कन्व्हर्टरच्या गुणाकाराशिवाय जमिनीवर साधारण १०,५०० न्यूटन रेटा येतो, आणि २.२ च्या गुणाकाराने तो २३,००० होतो. गाडीचे वजन भरते सुमारे १७,७०० न्यूटन. इथे मोठा गुणाकार जीवनदान आहे. आता तीच गाडी, पण इंजिन ९०० चे. गुणाकाराशिवायच २३,६०० न्यूटन. २.२ ने गुणले तर जवळजवळ ५२,०००, म्हणजे वजनाच्या तिपटीला टेकणारा रेटा. विमानाच्या साध्या धावपट्टीवर टायरला वजनाइतकी पकड मिळाली तरी भाग्य समजायचे. उरलेले सगळे धुरात जाते, आणि जाता जाता त्याने स्टेटरला मार दिलेला असतो. त्यामुळे जड आणि कमजोर गाडीला जो स्टेटर हवा, त्याच्या उलट स्टेटर जड आणि ताकदवान गाडीला हवा : गुणाकार १.७ च्या आसपास ठेवणारा. असा स्टेटर सहसा पुढे वेगात कमी घसरतो, आणि ताकदवान गाडीची खरी कमाई तिथेच असते.

मग वजनाचा परिणाम कुठे होतो? वेळेत. जड गाडी वेग घ्यायला जास्त वेळ लावते, म्हणून टर्बाइन जास्त काळ मागे राहते, आणि तेवढा काळ कन्व्हर्टर घसरणीत असतो. गुणाकार गुणिले वेगांचे प्रमाण ही कन्व्हर्टरची कार्यक्षमता. गाडी उभी असताना वेगाचे प्रमाण शून्य, म्हणजे कार्यक्षमताही शून्य. गुणाकार कमाल असतो त्याच क्षणी काम काहीच होत नाही आणि इंजिनाची सगळी ताकद उष्णता होते. समजा सुटण्याच्या रेषेवर चालकाने अर्धवट थ्रॉटलला, ६०० न्यूटन-मीटर पिळावर, गाडी धरून ठेवली आहे. आपल्या १० इंची कन्व्हर्टरवर इंजिन तेव्हा ३,८०० च्या आसपास असेल आणि सुमारे २४० किलोवॅट तेलात उतरत असतील. घाटघरच्या अख्ख्या केंद्राच्या ताकदीचा हा जवळपास हजारावा भाग, हातात मावणाऱ्या डब्यात. आत पाच किलो तेल धरले तर ते दर सेकंदाला चोवीसएक अंशांनी तापते. म्हणून रेषेवर गाडी धरायची ती एक-दोन सेकंद, हौसेने पाच-सात नव्हे. जड गाडीत तर रेषा सोडल्यावरही हे तापणे लवकर थांबत नाही, आणि म्हणून तिला मोठा व्यास, जास्त तेल आणि वेगळा ऑइल कूलर लागतो.

तरीही ही घसरण दोष नाही, हे मी आग्रहाने सांगेन. वृत्तात यती असतो. तिथे ओळ क्षणभर थांबते म्हणून पुढचा चरण उचलला जातो. नगर-पुणे पट्ट्यात घाटातली बैलगाडा शर्यत पाहिलेल्या माणसाला हे अधिक सोपे जाईल. तीही सेकंदावर मोजली जाणारी सरळ धावच, आणि २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने परवानगी कायम ठेवल्यापासून ती पुन्हा जोमात आहे. बारी सुटण्याआधी माणसे बैलांना धरून उभी असतात, बैल अंगात आलेले असतात, आणि झेंडा पडताच जी जोडी आधीच तणावात होती ती निसटते. इंजिनालाही असा तणाव लागतो. टर्बो लावलेल्या इंजिनाला तर फारच, कारण धुराड्यातला झोत पुरेसा झाल्याशिवाय टर्बो हवा भरत नाही, आणि गाडी उभी असताना इंजिन वर चढू देण्याची मुभा फक्त कन्व्हर्टरची घसरण देते. घसरण हवी, पण योग्य जागी. सुरुवातीला भरपूर, शेवटी नाममात्र.

योग्य जागा ठरवायला आणखी एक पुरावा असतो, तो गिअर बदलतानाचा. आपल्या गाडीचा दुसरा गिअर १.४८ आणि तिसरा सरळ १ आहे. इंजिन ६,७०० ला असताना तिसरा पडला की, घसरण नसती तर, ते ४,५०० च्या जरा वर येऊन पडले असते. ४,७०० चा स्टॉल असलेला कन्व्हर्टर त्याला तिथेच झेलतो, पिळाच्या भरगच्च भागात. ६,१०० वाला त्याला खाली येऊच देत नाही, गिअर बदलल्याचा आवाजसुद्धा नीट येत नाही, आणि ३,५०० वाला इतका घट्ट की टर्बो दमतो. चांगल्या निवडीत सुटण्याचा क्षण आणि गिअर बदलण्याचा क्षण हे दोन्ही एकाच आकड्याने सांभाळले जातात. यमक जुळल्याचा आनंद मला इथे मिळतो.

घडणीबद्दल थोडक्यात. तेल फेकले जाते तेव्हा आतला दाब कवचाला फुगवू पाहतो. फुगलेला कन्व्हर्टर क्रँकला पुढे रेटतो आणि इंजिनाचे थ्रस्ट बेअरिंग खातो. म्हणून ताकदवान गाडीच्या कन्व्हर्टरला फुगण्याविरुद्ध जाड प्लेट हवी, पाती भट्टीत ब्रेझ केलेली हवीत, टर्बाइनचा मधला हब आणि स्टेटरची क्लच मजबूत हवी. यात काटकसर करू नये.

मागवलेला कन्व्हर्टर बरोबर आहे की नाही हे रेषेवर कळत नाही, ते शेवटच्या दिव्यांपाशी कळते. समजा गाडीने ताशी २२५ किलोमीटर वेगाने रेषा ओलांडली, म्हणजे सेकंदाला ६२.५ मीटर. ३५ सेंटीमीटर त्रिज्येच्या टायरचा घेर २.२ मीटर. मागचा रेशो ३.७ आणि गिअर सरळ, तेव्हा टर्बाइन सुमारे ६,३०० फेऱ्यांवर आहे. काटा ६,७०० दाखवत असेल तर घसरण सहा टक्के. उत्तम. दहाच्या वर गेली तर कन्व्हर्टर इंजिनाला पुरा पडत नाही. यात एक फसवा कोपरा आहे. ड्रॅगचा टायर वेगात वाढतो, उभ्या गाडीवर मोजलेला घेर खरा राहत नाही. घेर वाढला की चाकाच्या फेऱ्या कमी, म्हणजे खरी घसरण कागदावरच्यापेक्षा जास्तच असते. शक्य असेल तर मागच्या दांड्याला सेन्सर लावून वेग थेट मोजावा.

तेव्हा १,८०० किलो आणि ९०० न्यूटन-मीटरच्या या गाडीसाठी माझा निकाल असा : ९ इंची नको, १० इंचीच घ्या, गुणाकार १.७ च्या जवळचा, स्टेटर जखडलेला नको, क्लच आकाराने मोठी. आणि ज्यांची गाडी याहून वेगळी आहे त्यांना एक विनंती. कन्व्हर्टर बनवणाऱ्याला स्टॉलचा आकडा सांगू नका. त्याला चालकासकट गाडीचे काट्यावर केलेले वजन द्या, डायनोवरचा पिळाचा पूर्ण आलेख द्या, गिअर आणि मागच्या ॲक्सलचा रेशो, टायरचा घेर, टर्बो आहे की नाही आणि धावपट्टी कशी आहे ते कळवा. वजन कमी करून सांगू नका आणि ताकद फुगवून सांगू नका, कारण स्टेटरची पाती त्याच आकड्यांवर कापली जातील आणि ती पुन्हा वळवता येत नाहीत.